फताडे पाय, आठ नंबर आणि नागद्वारी

गेल्या श्रावणात नागद्वारीहून आले आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं. तिथेच पडलं नाही. आधी लाल झालं, मग जांभळं, मग शाईसारखं काळं, आणि गणपतीची आरास करताना सतरंजीच्या दशीत अडकून अख्खं निघालं. दुखलं काहीच नाही. पण सतरंजीवर पडलेलं आपलंच नख बघून जे वाटतं, ते मोदकांच्या गडबडीत कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. गुपचूप कागदात गुंडाळून टाकलं.

नागपूरकरांना नागद्वारी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पचमढीच्या जंगलातली ही यात्रा वर्षातून एकदा, नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवसच उघडते. एरवी तो भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, वाट बंद. विदर्भातून गाड्या भरभरून माणसं जातात. पावसात डोंगरामागून डोंगर, ओले खडक, लोखंडी शिड्या, घोट्याएवढा चिखल, आणि कजरी, पद्मशेष अशी ठिकाणं करत ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत चालत राहायचं. माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी होत्या, अनवाणी. मागे एक पोरगं, रबरी चपलेत. त्या दोघांची नखं शाबूत राहिली. साडेतीन हजारांचे बूट होते ते माझ्या पायात.

चढताना काही वाटलं नाही. उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकायचा आणि बूट जिथे निमुळता होतो तिथे पाचर ठोकल्यासारखा बसायचा. करंगळीवर आधीच कुरूप होतं, ते चिडलं. शेवटच्या तासात मी बूट काढून गळ्यात अडकवले आणि आजींच्या मागोमाग अनवाणीच उतरले. जाऊबाई म्हणाल्या, “कायले घेतले मग एवढे महाग?”

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मला जवळपास वर्ष लागलं.

माझे पाय फताडे. हा शब्द आईचा. लहानपणी हिंगणघाटला शाळा सुरू व्हायच्या आधी बुटांच्या दुकानात गेलं, की दुकानदारासमोर ती हमखास म्हणायची, “बाप्पा, काय फताडे पाय पोरीचे! बापावर गेली.” मग दुकानदार एक नंबर मोठा काढायचा, पुढे कापूस कोंबायचा, आणि वर्षभर मी कापसावर चालायचे. ही सवय अशी मुरली की मोठेपणी कोणी सांगायचीही गरज उरली नाही. बूट चवड्यावर आवळला की मी आपणहून म्हणायचे, “एक नंबर वरचा दाखवा.” सहा, मग सात, मग आठ. लेडीजमध्ये आठाच्या पुढे सहसा काही नसतंच, म्हणून थांबले. नाहीतर आज बाराव्यावर असते.

मी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. तरीही पंचेचाळिशीपर्यंत मला हे गणित सुटलं नाही, याची लाज वाटते.

दिवाळीनंतर नवे बूट घ्यायचे ठरवले आणि बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेले. मोदी नंबरच्या गल्ल्यांपासून सुरुवात केली, मग धरमपेठ, मग सदर, शेवटी शहराबाहेरचं एक खूप मोठं खेळाच्या सामानाचं दुकान. चार रविवार गेले. डोंगरवाटेचे बूट, म्हणजे ज्याला ट्रेल शूज म्हणतात ते, बर्डीवर मागितले की आधी जॉगिंगचे दाखवतात, मग पोलीस भरतीवाली मुलं घेतात ते दाखवतात, आणि मग मालक आतून हाक मारतो, “अरे मॅडमला वूडलँडसारखे दाखव!” खाली दातेरी तळ आहे म्हणजे ट्रेल, एवढीच व्याख्या.

एक संवाद मला पाठ झाला आहे, कारण तो मी सहा दुकानांत सहा वेळा केला. विक्रेता मुलगा खाली बसतो, बुटाच्या टोकावर अंगठा दाबतो.

“पुढं तं जागा आहे ना मॅडम. बराबर आहे.”

“पुढे आहे. बाजूला नाही. हे बघ, करंगळी कुठे आहे ते.”

“साइडचं सैल होते. पहनते-पहनते ढीला हो जाता.”

“रुंद पंजाचा नाही का येत?”

यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी वर्गात फळ्यावर शून्याने भागाकार केला असता तर पोरांनी पाहिली असती. “मॅडम, बूट रुंदीत नाही येत. नंबरात येते.”

मोठ्या दुकानात सगळं आपलं आपण काढून बघायचं असतं, हा एक फायदा. कोणी अंगठा दाबत नाही. पण तिथेही डब्यावर लांबीचाच आकडा. मी अकरा जोड घालून पाहिले आणि अकरावा घालून जे चालायला लागले ते थेट कॅन्टीनपर्यंत, चहा प्यायला.

तेवढ्यात जुन्या बुटाचा तळ एका बाजूने सुटला म्हणून आमच्या प्रतापनगरच्या चौकात बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेला. वाटलं, यांनाच विचारावं, रुंद करून देता का. त्यांनी बूट हातात घेतला, सुखतळा, म्हणजे आतला पायाखालचा सुटा तळ, उपसून बाहेर काढला, आत हात घातला, आणि मग बूट मधोमध दुमडला.

“ताई, पाय ठेवा इथं.” मी चप्पल काढून त्यांच्या लाकडी पाटावर पाय ठेवला. त्यांनी बूट शेजारी धरला. “पाहा. तुमचा पाय इथं मुडते. अन् बूट इथं मुडते.” दोन्हीत चांगलं बोटभर अंतर होतं. बुटावरच्या घड्या माझ्या बोटांच्या पेरांवर पडत होत्या, चवड्याच्या सांध्यावर पडायला हव्या होत्या. “लंबा बूट घालून राह्यल्या तुम्ही. पाय तुमचा छोटाच आहे.”

छोटा! चाळीस वर्षांत माझ्या पायाला हा शब्द कोणी वापरला नव्हता.

रुंद करून द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. चामडं असतं तर फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून, थोडं ओलसर करून दोन दिवसांत सैल करून दिलं असतं. “हे जाळी आहे, अन् वरून हे पिलास्टिकची पट्टी चिकटवली. हे ताणलं तं फाटते, नाही तं सोडलं की जाग्यावर येते.” म्हणजे ‘पहनते-पहनते ढीला’ ही गोष्ट ज्या काळात खरी होती तो चामड्याचा काळ होता. विक्रेत्यांनी वाक्य तसंच ठेवलं, बूट बदलले. तळ शिवायचे चाळीस रुपये घेतले आणि सुखतळा परत देताना म्हणाले, “याच्यावर उभं राहून पाहा घरी.”

घरी जाऊन उभी राहिले. सुखतळा जमिनीवर ठेवला आणि त्यावर पाय टेकवला. पुढे दोन बोटं रिकामी, आणि बाजूला करंगळी पूर्ण बाहेर, अंगठ्याच्या मुळाचं हाडही काठावरून ओघळलेलं. बूट घातल्यावर हे दिसत नाही, कारण जाळी सगळं आत ओढून घेते. सुखतळा खोटं बोलत नाही. तेव्हापासून कुठल्याही दुकानात मी आधी तो उपसते आणि जमिनीवर ठेवून उभी राहते. ज्याचा सुखतळा निघत नाही, चिकटवलेला असतो, तो बूट मी परतच ठेवते.

मग पाय मोजले. हे सविस्तर सांगते, कारण पहिल्या खेपेला मी चुकले होते. सकाळी उठून खुर्चीत बसून, स्वतःच वाकून पेन्सिल फिरवली. बसल्यावर पायावर भार नसतो, पाऊल पसरत नाही. वाकलं की पेन्सिल आत तिरपी होते, आणि आकडा चार-पाच मिलिमीटरने कमी येतो. दुसऱ्यांदा मे महिन्यात, संध्याकाळी, शाळेचं पेपर तपासणं आटोपून आल्यावर मोजले. नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी पाय सकाळचे राहत नाहीत, हे चपलेच्या पट्ट्याचे वळ बघणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. भिंतीला टाच लावून, वर्तमानपत्रावर, ज्या मोज्यांत चालणार ते मोजे घालून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहिले. यांना खाली बसवलं आणि बजावलं, “पेन्सिल काटकोनात. तिरपी झाली तर पुन्हा.” हे गुडघे धरून बसले, म्हणाले, “परीक्षा घेऊन राह्यली का माझी?”

डावा पाय लांबीला २४९ मिलिमीटर, चवड्यावर रुंदीला १०३. उजवा २४७ आणि १०१. म्हणजे डावा मोठा. बूट नेहमी मोठ्या पायाला घ्यायचा, आणि दुकानात विक्रेता घालायला देतो तो उजवा!

आता नंबर. आपल्याकडे दुकानात जो सहा-सात-आठ चालतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या जवळ. हे माप सातूच्या दाण्याच्या लांबीवरून आलेलं आहे. आपल्या कोष्टकातले यव-अंगुळ आठवा, तसंच. युरोपचा अडतीस-एकोणचाळीस वेगळा, त्यात एका नंबराला सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. ही दोन्ही मापं लांबीची. नंबर वाढला की फर्मा थोडा जाडही होतो, पण किती? ब्रिटिश पद्धतीत एका नंबरामागे चवड्याचा घेर सुमारे पाव इंच वाढतो. घेर म्हणजे वरून-खालून-बाजूंनी मिळून. तळाच्या रुंदीला त्यातले जेमतेम दोन मिलिमीटर येतात.

पेपर तपासायच्या लाल पेननेच मी ते वर्तमानपत्रावर मांडलं. सहाचा आठ केला तर रुंदी मिळाली चार मिलिमीटर आणि लांबी वाढली सतरा. चार मिलिमीटरसाठी सतरा मिलिमीटर रिकामी जागा मी चाळीस वर्षं पायापुढे ढकलत चालले होते. तीच ती जागा, जिच्यात उतारावर पाय घसरत जाऊन पाचर बसली. मोचीकाकांनी घडी दाखवली ती हीच. आठवीच्या पोरीने हे दोन ओळीत सोडवलं असतं.

बूट रुंदीत येतो की नाही, याचं उत्तरही मिळालं. येतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या बूटविक्याच्या मुलाने १९२० च्या दशकात पाय मोजायचं धातूचं यंत्र बनवलं, त्यात लांबीचा आकडा वेगळा आणि रुंदीचं अक्षर वेगळं. रुंदीत निघणाऱ्या बुटांच्या जिभेवर किंवा डब्यावर तेच अक्षर छापलेलं असतं. पुरुषांची साधारण रुंदी डी, बायकांची बी. पुढे पुरुषांत २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे खूप रुंद. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या एकच मॉडेल या वेगवेगळ्या रुंदींत काढतात. अल्ट्रा नावाच्या कंपनीचं तर सगळं कामच पुढचा पंजा पावलाच्या आकाराचा ठेवण्यावर चालतं, पण त्यांच्या बहुतेक बुटांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. ज्यांना सवय नाही त्यांच्या पोटऱ्या आधी बोंब मारतात.

यातली एक गोष्ट मला कामाची वाटली. बायकांचा ‘वाइड’ म्हणून जो बूट विकतात तो साधारण डी रुंदीचा असतो. आणि डी म्हणजे पुरुषांचा नेहमीचा. म्हणजे लेडीज वाइड शोधत बसण्यापेक्षा पुरुषांच्या मांडणीकडे वळलं की तीच रुंदी न मागता मिळते, आणि त्याच्या पुढची २ई हवी असेल तर ती तिकडेच मिळण्याची शक्यता जास्त. मी चार रविवार चुकीच्या भिंतीसमोर उभी होते.

आणि आईचं ‘बापावर गेली’ हे सुद्धा पूर्ण खरं नसावं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची थ्रीडी मापं घेतली. निष्कर्ष असा, की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, आणि त्यांच्या मापाचे बूट घालायचे म्हणून आपण लांब बूट घेतो. भारतीय पायांसाठी वेगळी मापपद्धत त्यांनी सुचवली, तिला नाव दिलं ‘भा’. हे वाचलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मराठीच्या बाईंनी टेबलाखाली सँडलमधून पाय काढून बघितला.

मापं हातात आली, पण दुकानात वर्तमानपत्र घेऊन कोण फिरणार? म्हणून पुठ्ठ्याचा पाय केला. भाचीच्या लग्नाची पत्रिका ज्या जाड खोक्यातून आली होती त्याच्या झाकणावर डाव्या पायाची रेघ उतरवली, कात्रीने कापलं, मागे सोनेरी गणपती तसाच राहिला. हा पाय पर्समध्ये घेऊन मी पुन्हा बर्डीवर. बूट हातात घ्यायचा, सुखतळा काढायचा, वर पुठ्ठा ठेवायचा. बाहेर आला की बूट परत. घालायचीही गरज नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चौदा बूट बाद केले. आधी एवढे बूट बाद करायला दोन रविवार लागले होते.

पुरुषांच्या मांडणीसमोर उभी राहिले की ठरलेलं वाक्य यायचं, “मॅडम, लेडीज तिकडे. भैयासाठी पाहून राह्यल्या का?” पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर मुलगा हसला आणि दुसऱ्याला बोलावून आणला. नंतर मी म्हणायला लागले, “हो, भाऊसाठी. त्याचा पाय हा.” आणि पुठ्ठा पुढे करायचे. तेव्हा मात्र मुलं मन लावून मदत करायची. भाऊच्या फताड्या पायाची त्यांना फार सहानुभूती.

अडचण निघाली ती दुसऱ्या टोकाला. पुरुषांचे ट्रेल बूट दुकानात सातपासून सुरू. मला हवा सहा. साताचा एक जोड पुठ्ठ्यावर बरोबर बसला, घातला तर चवड्याला स्वर्ग आणि टाच मात्र प्रत्येक पावलाला उचलली जायची. रुंद चवडा आणि त्यामानाने अरुंद टाच, हे दुहेरी दुखणं. सोडून आले.

मुलगी पुण्याला असते. तिने ऑनलाइन शोधलं आणि दोन जोड मागवले. पहिला ‘वाइड’ लिहिलेला लेडीज होता, पुठ्ठा करंगळीपाशी काठावर. तो परत केला. परत न्यायला येणारा मुलगा तीन दिवस “आज येतो” म्हणत राहिला, तो एक वेगळाच अध्याय. दुसरा पुरुषांचा, सहा नंबर, २ई. डबा उघडला, सुखतळा उपसला, पुठ्ठा ठेवला. पुढे अंगठ्याएवढी जागा, बाजूंना काठाच्या आत. अगदी बारीक, पण आत.

कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकच मॉडेल पुढच्या वर्षी नव्या आवृत्तीत येतं तेव्हा फर्मा बदललेला असू शकतो, आणि तुमचा पाय माझा नाही. किंमत यांनी विचारली तेव्हा मी फक्त “सेल होता” एवढंच सांगितलं.

टाच मात्र थोडी सैलच होती. ते काम नाडीने केलं. बुटाच्या सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं, ज्याच्यात आपण कधीच काही ओवत नाही. नाडी त्या भोकातून त्याच बाजूला आत घालायची, म्हणजे दोन्हीकडे बाहेर एकेक लहान फासा तयार होतो. मग उजवी नाडी डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून ओढून, खाली खेचून गाठ मारायची. टाच मागे धरून ठेवल्यासारखी बसते. आणि चवड्यावर, जिथे आवळतं, तिथे एक फुली गाळून नाडी सरळ वर न्यायची. वरचा दाब तेवढ्यापुरता निघून जातो. हे मी आठवीच्या क्लासटीचरच्या टेबलावर बसून, मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून शिकले. एक मुलगा दारातून म्हणाला, “मॅडम, डबल नॉट मारा, सुटत नाही.”

नवे बूट आधी घरात दोन दिवस घातले, म्हणजे परत करायची वेळ आली तर तळ स्वच्छ. मग सेमिनरी हिल्स. बालोद्यानाच्या अंगाने चढून वरच्या मुरमाड वाटेने फिरायचं आणि उतारावर मुद्दाम भरभर उतरायचं; उतार हीच खरी परीक्षा, सपाट रस्त्यावर कुठलाही बूट चांगलाच वाटतो. नख पुढे आपटतं का, टाच सुटते का, एवढंच बघायचं. आपटलं नाही. करंगळीने पहिल्यांदा स्वतःचं वजन स्वतः पेललं असं वाटलं; बोटं पसरून पाय टेकला की आतून तोल जातच नाही.

पाऊस लागल्यावर अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात गेले, कारण आपल्या काळ्या मातीची परीक्षा दुसरीकडे कुठे होत नाही. तळाचे खुंट एकमेकांना चिकटून असले की काळी माती मधल्या फटींत बसते आणि दहा पावलांत पायाला दोन-दोन किलोचा लगदा. खुंट लांब-लांब असतील तर चालता चालता गळून पडते. माझ्या बुटाचे खुंट चार मिलिमीटरचे आहेत आणि पुरेसे विरळ. पण ओल्या खडकावर खुंटांचा काही उपयोग नसतो, तिथे रबर मऊ आहे की नाही ते महत्त्वाचं. नागद्वारीचा रस्ता निम्मा चिखल, निम्मा ओला खडक, म्हणून दोन्ही बघावं लागलं. पार्किंगच्या सिमेंटच्या उतारावर पाणी ओतून मी चालून पाहिलं. चौकीदार बराच वेळ बघत होता.

एक त्रास या बुटात आहे, तो सांगते. पंजा रुंद म्हणजे जाळीही मोठी, आणि कार्तिकानंतर आपल्याकडच्या गवताची कुसळं त्या जाळीत अशी शिरतात की मोज्यातून पार बोटाला टोचतात. घरी आल्यावर अर्धा तास चिमट्याने काढत बसावं लागतं. त्यावर उपाय मला सापडलेला नाही. हे म्हणतात, हिवाळ्यात रस्त्यानेच चाल.

या वर्षी नागद्वारी केली. पाऊस गेल्या वर्षीपेक्षा जास्त होता, एका शिडीपाशी दीड तास रांग. उतरताना जाऊबाई दर दहा मिनिटांनी मागे वळून माझ्या पायाकडे बघत होत्या, की आता काढेल, मग काढेल. नाही काढले. परतताना परासियाच्या पुढे गाडी चहाला थांबली, तिथे बाकावर बसून मोजे काढले. दहाच्या दहा नखं गुलाबी. जाऊबाईंनी आपला पाय माझ्या पायाला लावला आणि म्हणाल्या, “माहा बी मोजून दे.” ढाब्यावर वर्तमानपत्र होतंच. मग आणखी दोघी आल्या. चहा थंड झाला.

मागच्या आठवड्यात आई हिंगणघाटहून आली. ती आता संध्याकाळी फिरायला जाते आणि तिलाही बूट घ्यायचे आहेत. तिला भिंतीला टेकवून उभं केलं, कागद घातला, पेन्सिल काटकोनात धरली, दोनदा मोजलं. लांबीला २४१. रुंदीला १०५.

आईने चष्मा लावून कागद जवळ धरला, पट्टी मागितली, स्वतः पुन्हा मोजलं.

“पेन्सिल तिरपी धरली असशील,” ती म्हणाली.